गॅसवर तापवून सुरीला धार येत नाही, जाते

चैत्रातल्या जत्रा सुरू झाल्या की आमच्याकडच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरायला लागतो, यंदा तर मला चार ठिकाणांहून आला. म्हणणं असं की बोकड सोलायच्या सुरीला धार लावायला दगड नको का धारवाला नको, सुरी गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि गार पाण्यात बुडवा, झाली धार. घाई असेल तर ग्राइंडर मारा, जेवढ्या ठिणग्या तेवढी धार. सुरी एकच घ्या पण मोठी घ्या. स्टेनलेसला धार धरत नाही, लोखंडीच घ्या. आणि धार जास्त ठेवू नका, हात कापतो. खाली लोकं अंगठे देतायत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, कारण यातल्या पहिल्या उपायाने मी माझ्या आज्याची सुरी घालवलीय. (हे सगळं जत्रेच्या, घरच्या बोकडाचं बोलतोय, रानातल्या शिकारीचं नाही, ती 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि बंदच राहावी.)

तर पहिलं, गॅस. धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जिथं मिळतात ती रेघ, ती जेवढी बारीक तेवढी धार. आता तापवून ती रेघ बारीक कशी होणार? ती घासूनच होते. तापवल्याने बदलतो तो लोखंडाचा कडकपणा, आणि तो घिसाड्याने घडवतानाच बसवलेला असतो. तो पातं लाल करून पाणी देतो, म्हणजे बुडवून कडक करतो, मग परत 200 डिग्रीच्या आसपास हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढतो, आणि हे तो रंगावरून ओळखतो, गवती पिवळा रंग आला की थांबतो. निळा आला म्हणजे 300 च्या घरात गेलं, पाणी उतरलं, पातं मऊ पडलं. आज्याची सुरी कमानपाट्याची होती, ट्रकच्या. मी गॅसवर धरली तर टोक लाल झालं आणि मधलं पातं निळं पडलं, ते पाण्यात बुडवलं, चर्र आवाज आला, मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी खाऱ्या (मटणाच्या) निवदाचं बोकड टांगलं आणि मांडीच्या सांध्यात सुरी घातली तर टोकाचा नखाएवढा तुकडा उडाला, तो मटणात शोधत बसलो अर्धा तास, आणि मधली धार कागदासारखी वळून बसली. एकाच पात्यात टोक ठिसूळ आणि मध्य मऊ, असं झालं होतं.

ग्राइंडरचं पण तेच. फॅब्रिकेशनवाल्याचा चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11000 च्या आसपास फेरे घेतो, ठिणगी म्हणजे तुमच्याच सुरीचा जळणारा कण, आणि पात्यात सगळ्यात पातळ धारच असते त्यामुळे आधी तीच निळी पडते. वर्षभर अशी घासली की निम्मं पातं उरतं. सायकलच्या पायडलवर चाक फिरवणारा धारवाला वेगळा, त्याचं चाक हळू फिरतं आणि अधूनमधून सुरी पाण्यात बुडवतो, त्याला नावं ठेवू नका.

मग करायचं काय? कुरुंदाचा दगड, एक बाजू जाड एक बारीक, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ओल्या फडक्यावर ठेवायचा म्हणजे सरकत नाही, पाणी मारायचं. पातं तीन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचलायची, तो साधारण 20 डिग्रीचा कोन होतो, आणि खरं सगळं कौशल्य तो कोन शेवटपर्यंत न हलवण्यात आहे, जोर लावण्यात नाही. जाड बाजूवर एकाच अंगाने घासत राहा, मग पलीकडच्या अंगाला पाठीकडून धारेकडे बोट हलकं ओढून बघा (धारेच्या लांबीवर फिरवू नका), बारीक केसासारखी खरखर लागली पाहिजे, आणि ती मुठीपासून टोकापर्यंत लागली पाहिजे. जिथं नाही लागली तिथं धार पोचलेली नाही. मग दुसरं अंग, मग बारीक बाजूवर हलक्या हाताने तेच, खरखर गेली की थांबा. कपाच्या बुडाची खरबरीत कड अडल्यावेळी चालते, ती स्टीलपेक्षा कडक असते म्हणून थोडी धार येते, पण बोकडाच्या कामाला तेवढी पुरत नाही.

मोठ्या सुरीचं तर मला सगळ्यात जास्त सांगायचंय. सोलायला आणि पोट उघडायला बोटभर लांब, फार तर चार इंची पातं पाहिजे. कातड्याला छोटी चीर द्यायची, दोन बोटं आत घालून कातडं वर उचलायचं आणि धार आभाळाकडे ठेवून आतून बाहेर कापत जायचं. त्यात दोन गोष्टी साधतात, एक तर वजडी फाटत नाही, आणि दुसरं म्हणजे केस वरून कापले जात नाहीत. बोकडाच्या केसात माती वाळू भरलेली असते, वरून चार वेळा कापलं की तासभर घासलेली धार गेली, शिवाय केस मटणाला चिकटतात ते वेगळंच. पित्ताची पिशवी कलेजीला चिकटून असते, फुट लांबीच्या सुरीचं टोक तिथं कुठं फिरतंय ते दिसत नाही, आणि ती फुटली की कलेजी कडू. हाडाला सत्तूर, तो जड आणि जाड धारेचा असतो, खाली चिंचेचा ठोकळा. सुरीने हाड तोडायचं नाही.

स्टेनलेस: स्टेनलेस एकाच जातीचं नसतं. ताटवाट्यांचं 304 नंबरचं स्टील पाणी देऊन कडक होतच नाही, त्याची सुरी असेल तर धार खरंच टिकणार नाही. 420 नंबरसारखं सुरीचं स्टील कडक होतं आणि चांगलं चालतं. दुकानात चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर घेऊच नका (चिकटला म्हणजे चांगलंच असंही नाही, पण निदान पहिली चाळण लागते). लोखंडी पातं घासायला सोपं हे मान्य, पण रक्त लागून तासभर पडलं तर गंज धरतं, धुवून पुसून खोबरेल लावावं लागतं.

आणि बोथट सुरी सुरक्षित? माझ्या डाव्या अंगठ्याखाली चार टाके आहेत ते बोथट सुरीचे. धार नसली की माणूस जोर लावतो, आणि जोराने सुटलेली सुरी कुठं जाईल ते सांगता येत नाही. आमच्याकडे बोकड कापायला येणारे मुलाणी चाचा काम चालू असताना दर थोड्या वेळाने सुरी सळईवर दोन-तीनदा ओढून घेतात, इतक्या वर्षांत त्यांचा हात कापलेला मी पाहिला नाही.

आज्याची सुरी घिसाड्याकडून परत पाणी देऊन आणली, बोटभर आखूड झाली पण सोलायला आता तीच घेतो. जत्रेच्या आदल्या दिवशी ओसरीवर दगड मांडून बसणार आहे, ज्याला यायचंय त्याने आपली सुरी घेऊन या, कोन कसा धरायचा ते दाखवतो, घासायची मात्र ज्याची त्याने.