जड खाली, हलकं वर

परवा रात्री मी बाइकवरून पडलो. वेग शून्य. अतिशयोक्ती नाही, गाडी खरंच उभी होती. ठाण्याहून देवरुखला मावशीकडे जाऊन परत, म्हणजे सहाशेच्या वर किलोमीटर, कुठे खरचटलंसुद्धा नाही, आणि पडलो कुठे तर आमच्याच सोसायटीच्या गेटमधे, नव्या वॉचमनने हात आडवा करून "किसका पार्सल है?" विचारलं म्हणून.

क्लचचा लिव्हर अर्ध्यातून तुटला, डावा आरसा फिरला, मी ठीक. पण हे सगळं बी विंगच्या काकांनी बघितलं, ते जास्त लागलंय.

काकांबद्दल सांगायलाच हवं. काका एसटीतून रिटायर झालेत, कंडक्टर होते, शेवटची बरीच वर्षं खोपट डेपोला. सामान, वजन आणि दोरी या तीन विषयांत आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं मत आहे. निघायच्या आधीच्या रविवारी मी पार्किंगमधे पॅकिंगची रंगीत तालीम करत होतो, म्हणजे सगळ्या बॅगा बांधून बघायच्या, हलवून बघायच्या, परत सोडायच्या. व्हिडिओत बघितलं होतं तसं. अंगात रायडिंग जॅकेट, गुडघ्यांना गार्ड, मे महिना, सकाळचे नऊ, घामाने मी आतून उकडत होतो. दूधवाला जाता जाता थांबला आणि "मॅच कुठंय?" विचारून गेला. हे मी सोडून दिलं. मग काका आले, हातात पेपर, आणि माझ्या बॅगेला चिमटीत धरून म्हणाले,

"हे काय?"

"बंजी कॉर्ड, काका. सामान बांधायला."

"हे चड्डीचं इलॅस्टिक आहे. खड्डा आला की हे ताणतं. हे ताणलं की सामान उडी मारतं. मग तू थांबतोस आणि रस्त्यावर तुझे गंजीफ्राक गोळा करतोस. आणि हा हूक सुटून डोळ्यात गेला म्हणजे?"

मी म्हणालो काका, सगळे हेच वापरतात. ही चूक होती. कारण "सगळे" हा शब्द ऐकला की काका पेपर बगलेत मारतात, आणि पेपर बगलेत गेला की तासाभराची निश्चिंती.

"दोन्ही बाजूला वजन किती किती आहे?"

"अंदाजे सारखंच."

"अंदाजे म्हणजे? मी अंदाजे तिकिटं फाडली असती तर आज पेन्शन खाल्ली असती का?"

आणि नेमका त्याच वेळी रद्दीवाला गेटातून आत आला. रविवार. काकांचा चेहरा असा उजळला की मला कळलं आता काय होणार. पुढची वीस मिनिटं माझ्या सॅडलबॅगा रद्दीवाल्याच्या हूकच्या काट्याला लटकत होत्या आणि ए विंगची तीन मुलं सायकली टाकून बघत होती. उजवी बॅग चार किलो दोनशे. डावी सात किलो. काका म्हणाले, "दोन्हीकडे किलो किलो जास्त धर, याचा काटा कमी दाखवतो." रद्दीवाला दुखावला. म्हणाला, साहेब, काटा पासिंगचा आहे. काका म्हणाले, "माझ्या पेपरच्या वेळी नापास होतो तो." मग त्या दोघांचं गेल्या महिन्याच्या रद्दीवरून जुंपलं आणि मी मधल्या मधे जॅकेट घालून उभा. कुणाला काय, माझी बॅग लटकतेच आहे.

पण डावीकडे सात किलो का होते? कारण सगळं लोखंड मी एकाच बॅगेत टाकलं होतं. पाने, टूल रोल, ट्यूबलेस पंक्चरचं किट, हवा भरायचा छोटा पंप, स्पेअर क्लच केबल, स्पेअर क्लच लिव्हर. कपडे दुसरीकडे. काकांनी बॅगा फरशीवर ओतल्या. खरंच ओतल्या, बायकोने खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. मग त्यांनी लोखंड दोन वाट्यांत केलं, तळाला घातलं आणि सीटच्या जवळच्या बाजूला सरकवलं. "जड खाली, हलकं वर, नाजूक मांडीवर. आणि शेपटीवर जड काहीच नाही. मागच्या चाकाच्या पाठीमागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल थरथरायला लागतं. टपावर आंब्याच्या पेट्या चढवताना पण आम्ही हेच बघायचो." मग माझ्या बंजी कॉर्डा बाजूला ठेवून घरून नायलॉनची दोरी आणली, ट्रकवाले मारतात तसली गाठ मारली आणि दोरीचं उरलेलं टोक तीनदा गुंडाळून आत खोचलं. लोंबतं टोक चाकात किंवा चेनमधे गेलं तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं, हे मात्र मलाही माहीत होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

शेवटी त्यांनी स्पेअर लिव्हर उचलला.

"हा कशाला?"

"गाडी पडली तर आधी लिव्हर तुटतो काका."

"म्हणजे पाडायला चाललायस? शुभ बोल जरा. घरी ठेव."

आणि लिव्हर आमच्या चपलांच्या कपाटावर गेला.

आता मला एक सांगा. मी आयएसआयचा हेल्मेट घालतो, आत ४१५१ चा, म्हणजे हेल्मेटच्या आयएसआय मानकाचा, शिक्का बघून घेतलेला. मी टायरची हवा स्टिकर बघून भरतो, लोड असेल तर मागच्याची वेगळी. मी जॅकेट घालतो, ग्लोव्हज घालतो, फर्स्ट एड ठेवतो, हायवेच्या मदतीचा १०३३ आणि इमर्जन्सीचा ११२ कागदावर लिहून टँकबॅगेत ठेवतो कारण मोबाइलच फुटला तर नंबर कुठून बघणार. आणि वजनकाट्यावर मीच. याच सोसायटीतून रोज सकाळी अर्धा डझन स्कूटर घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडला उलट्या घुसतात, हेल्मेट कोपराला अडकवलेला, जणू कोपर फुटेल ही भीती आहे. पायात गॅस सिलिंडर, मागे बायको, मधे पोरगं, पोराच्या डोक्यावर काहीही नाही. २०१९ ला बदललेल्या केंद्राच्या कायद्यात हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड लिहिलाय, तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. त्यांना कुणी काट्याला लटकवत नाही. त्यांच्यातला एक तर काकांचा स्वतःचा मुलगा आहे. हे मी काकांना बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

असो. गेलो. पहाटे साडेचारला निघालो, ऐरोली, ठाणे-बेलापूर रोड, पळस्पे, वडखळला पहिला चहा. गोवा हायवेबद्दल काय बोलायचं. चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं, तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आता मुलगी सहावीत आहे. मधेच मस्त काँक्रीट, मधेच डायव्हर्जनचा बोर्ड, आणि जुना रस्ता नि नवं काँक्रीट यांच्यामधे ती उभी धार असते ना, ती बाइकवाल्याची खरी शत्रू. तिच्या कडेकडेने चालवत गेलात आणि हळूच चढायला बघितलंत की चाक घसरलंच, वेग कमी करून, धारेपासून जरा लांब जाऊन जमेल तितकं काटकोनात चढावं लागतं. घोडबंदरवर मेट्रोच्या खांबांखाली डांबर आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यावर याची प्रॅक्टिस आम्हाला रोज मिळते, तेवढा ठाण्याचा फायदा. कशेडीला बोगदा झालाय म्हणून घाट टळला. दर दीड तासाला थांबत थांबत जेवायला देवरुख.

आणि काकांची दोरी तसूभर हलली नव्हती. नाइलाज आहे, खरं ते सांगतो. इतकी नाही हलली की मला सोडवेना, शेवटी मावशीने कोयती आणली.

परतीच्या दिवशी मावशीने फणस आणला.

"नेशील ना रे? एवढासा तर आहे."

एवढासा म्हणजे मांडीवर घेतला तर समोरचं दिसणार नाही एवढा. मी म्हटलं मावशी, बाइक आहे. ती म्हणाली माहित्ये, ट्रेनचं रिझर्व्हेशन मिळत नाही म्हणून मुद्दाम बाइकवाल्याची वाट बघत होते. याला उत्तर नव्हतं. दोरी कापलेली, मग बाहेर निघाल्या बंजी कॉर्डा. गोणपाटात गुंडाळून फणस टेलबॅगेच्या वर, सगळ्यात वर, अगदी माझ्या खांद्याला लागेल इतका उंच. मला कळत होतं. हँडलला हात लावताच कळलं होतं. पण मावशीला नाही म्हणून दाखवा तुम्ही.

गंमत अशी की रस्त्यावर काही झालं नाही. गाडी चालती असते तोवर फणस गप्प बसतो, गाडी थांबली की तो बोलायला लागतो. वळणावर फक्त पाठीमागे कुणीतरी पिऊन बसलंय असं वाटायचं. रात्री साडेनऊला घोडबंदर, पाच मिनिटांत घर, अंघोळ, वरणभात. पुढचं चाक गेटच्या स्पीडब्रेकरच्या पलीकडे, मागचं अलीकडे, आणि वॉचमनचा हात आडवा. किसका पार्सल. कौनसा फ्लॅट. मी ब्रेक दाबला, डावा पाय खाली टेकवला, आणि तिथे जमीन नव्हती. म्हणजे होती, पण अपेक्षेपेक्षा चार बोटं खाली. तेवढ्यात गाडी कलली, वर फणस, फणसाला कलायला निमित्तच हवं होतं. दोनशे किलोच्या आसपासची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की धरून ठेवता येत नाही, ती सोडायची असते आणि आपला पाय बाजूला काढायचा असतो. मी काढला. सावकाश, जवळजवळ नमस्कार करत गाडी आडवी झाली. आणि फणस गोणपाटातून सुटून उतारावरून गेटच्या आत गेला. त्याला वॉचमनने अडवलं नाही.

काका शतपावली घालत होते. पळत आले, माझ्याजवळून गेले आणि फणसाशेजारी बसले.

"फुटलाय."

"काका, गाडी उचलायला या जरा."

"लागलं नाही ना? मग सांग. जड कुठे?"

"काका, पेट्रोल गळतंय."

"जड कुठे?"

"...खाली."

"आणि फणस कुठे होता?"

चाळीस वर्षांचा माणूस आहे मी. घरावर लोन आहे. हेल्मेटच्या आतून म्हणालो, "वर."

गाडी मीच उचलली, पाठ सीटला लावून, हँडल पूर्ण वळवून, पायांच्या जोरावर मागे ढकलत, कारण कमरेतून वाकून उचललं तर गाडी तिथेच राहते आणि कंबर जाते. वॉचमन "साब आप यहीं रहते हो क्या" म्हणत आरसा सरळ करत होता. तोवर काकांनी घरून पेपर, सुरी आणि खोबरेल तेल मागवलं होतं. पार्किंगमधे, ट्यूबलाइटखाली फणस कापला गेला. दोन्ही विंगा खाली उतरल्या. वॉचमनने किती गरे खाल्ले ते मी मोजत होतो. रद्दीवाल्याचा पेपर-हिशोब चुकवून काकांनी जपून ठेवलेली सगळी रद्दी चिकाने भरली, एवढंच त्यातल्या त्यात समाधान.

काल सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. पार्किंगमधे फळे कापू नयेत, संबंधितांनी फरशीवरचा चीक स्वखर्चाने साफ करून घ्यावा. संबंधित म्हणजे मी. केरोसीन शोधत फिरतोय.

लिव्हर मात्र लगेच बदलला, चपलांच्या कपाटावर होताच. बदलत असताना काका आले, पेपर बगलेत.

"बघ. घरी ठेवायला सांगितला म्हणून घरी उपयोगी पडला. नेला असतास तर तिकडेच पडला असतास."

मी पाना आवळत राहिलो. आठळ्या सगळ्या त्यांच्याकडे गेल्यात. बायको म्हणते मागून आण, भाजीत छान लागतात. आता कुठल्या तोंडाने मागू.