वार बाळंतिणीचा, तारीख मास्तरांची

परवाच्या शनिवारी, परभणीच्या बसस्थानकाजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात, सहा अनोळखी गिऱ्हाइके आणि आमचा दूधवाला यांच्या देखत माझी जी शोभा झाली, तिचा राग अजून पुरता उतरलेला नाही. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे तो शनिवार नव्हता, शुक्रवार होता. पण त्या दिवसापासून वारांच्या बाबतीत आमच्या घरात माझ्या शब्दाला वजन उरलेले नसल्यामुळे मी वाद घातला नाही.

सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन ठरले होते. मेव्हण्याने पुण्यात कोणाच्या तरी पन्नाशीला असा एक फ्लेक्स पाहिला होता की, त्यावर जन्मतारखेपुढे वार होता आणि खाली त्या तारखेला जगात काय काय घडले याची रंगीत पट्टी होती. आपल्या वडिलांचाही तसाच व्हावा, असे त्याच्या मनाने घेतले आणि "दाजी, तुमची हयात हिशेबात गेली, हे काम तुमचंच," असे म्हणून त्याने ते माझ्या गळ्यात टाकले. जन्मभर सरकारी हिशेब तपासलेल्या माणसाला एका तारखेचा वार काढणे ते काय अवघड, असे मलाही वाटले. तारीख आधार कार्डावर होतीच : १ जून १९४५.

दुकानातल्या पोराने मोबाइलवर १ जून टाकले आणि क्षणात यादी काढली. १९२६ साली या तारखेला हॉलिवूडची मेरिलिन मन्रो जन्मली, १९२९ साली नर्गिस जन्मली, १९३० साली मुंबई आणि पुण्याच्या दरम्यान डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली आणि १९४८ साली पुण्याहून नगरला एसटीची पहिली बस सुटली. आमचे सासरे माळकरी आहेत, आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवलेली नाही आणि परक्या बाईशी बोलताना त्यांची नजर जमिनीवरून उठत नाही. त्यांच्या फेट्यातल्या छायाचित्राखाली त्या पोराने परस्पर मेरिलिन मन्रो डकवली आणि "कलर भारी येतो, काका," असा खुलासा केला.

मला खटकली ती मन्रो नव्हे; मला खटकली ती यादी. डेक्कन क्वीन पुण्या-मुंबईकडच्यांची, पहिली एसटीही त्यांचीच. ती बस सुटली त्या दिवशी परभणी निजामाच्या राज्यात होती आणि रझाकारांच्या धास्तीने माणसे घरेदारे सोडत होती. देशाचा स्वातंत्र्याचा शुक्रवार १५ ऑगस्ट १९४७ चा. आमचाही शुक्रवारच, पण तेरा महिन्यांनंतरचा, १७ सप्टेंबर १९४८ चा. निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच २७ गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली होती, म्हणजे एसटीच्या सोळा वर्षे आधी. पण ती नोंद दिनविशेषाच्या पट्टीत मला आजवर दिसलेली नाही. आमच्या भागात त्या काळात फक्त माणसे जन्मली आणि त्यांच्याही तारखा, पुढे दिसेल त्याप्रमाणे, खऱ्या नाहीत.

"तारीख काय म्हणलाव?"

प्रश्न कोपऱ्यातल्या स्टुलावरून आला. तिथे सातबाऱ्याच्या झेरॉक्सची वाट पाहत एक म्हातारे गृहस्थ बसले होते : धुवट धोतर, टोपी, खिशाला दोन पेने आणि सेवानिवृत्त तलाठ्याच्या चेहऱ्यावर कायमचा बसतो तो, समोरच्याच्या बांधाविषयीचा संशय. मी तारीख सांगितली. त्यांनी डोळे मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवरून दोनदा फिरवला आणि म्हणाले, "शुक्रवार." पोराचा मोबाइल त्यानंतर "शुक्रवार" म्हणाला.

इथे मी "वा!" म्हणून गप्प बसायला हवे होते. परंतु हिशेबनिसाचा पीळ मेला नव्हता आणि मी "कसं काढलं?" असे विचारून बसलो.

"पंचेचाळीस साल. त्याचा चौथा हिस्सा अकरा, उरलेलं सोडून द्यायचं. जूनचे चार. तारखेचा एक. किती झाले?"

मी भर दुकानात "साठ" म्हणालो.

"एकसष्ट," म्हातारबुवा शांतपणे म्हणाले. "सातानं भागा. पाच उरतात. रविवारला शून्य धरून मोजा. शुक्रवार. तुम्ही कुठल्या खात्यात होताव?"

मी खाते सांगितले नाही. महिन्यांचे आकडे त्यांना हरिपाठासारखे पाठ होते : शून्य तीन तीन, सहा एक चार, सहा दोन पाच, शून्य तीन पाच. विसाव्या शतकातली कोणतीही तारीख एवढ्यात बसते. फक्त लीप वर्षातल्या जानेवारी-फेब्रुवारीला एक वजा करायचा. फसली सालातली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतली, जुनी दप्तरे लावता लावता त्यांना हा नाद लागला होता. ज्याला आपण १९४५ चा जून म्हणतो, तो निजामाच्या दप्तरात १३५४ फसलीत मोडतो, हे त्यांनी कोणी विचारले नसताना सांगितले.

पोराला आपल्या मोबाइलचा अपमान झाल्यासारखे वाटले असावे. "आजोबा, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक सांगा. ६ जून १६७४."

"शनिवार. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६."

"चूक! बुधवार दाखवतंय."

दुकानात हशा पिकला आणि खरे सांगायचे तर सर्वांत मोठा माझा होता. म्हातारबुवा हशा ओसरेपर्यंत थांबले. मग त्यांनी सांगितले की, इंग्रज त्या काळी जुन्या कॅलेंडरने चालत होते, ते दहा दिवस मागे होते आणि त्यांनी ते १७५२ साली दुरुस्त केले, तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, म्हणून २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर उजाडला. "तुझा फोन आजच्या कॅलेंडरानं मागं चालत गेला, अन् सहा जून ही तारीख इंग्रजांनी त्यांच्या कॅलेंडरानं लिहिली. दोघांची गाठ पडल कशी? तू सोळा जून टाक." पोराने १६ जून टाकले. शनिवार आला. पोरगा मुकाट्याने कटरकडे वळला आणि म्हातारबुवांनी मोकळी झालेली नजर माझ्यावर आणली.

"आता हे सांगा. तारीख मास्तर लिहितो, पर वार बाळंतीण सांगती. तुमच्या सासऱ्याची आई काय सांगायची?"

सांगायची, हे खरे होते. पत्नीची आजी मरेपर्यंत सांगत असे की, हा रोहिणीत झाला, बाजाराच्या दिवशी, आणि घरचे सगळे बाजाराला गेलेले असल्यामुळे सुईणीला बोलवायलाही कोणी नव्हते. हे मी कौतुकाने सांगितले.

"बाजार कोणत्या वारी?"

"मंगळवारी," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच पायाखालची जमीन सरकली.

"मग त्या साली शुक्रवारी कामून भरला?"

मी म्हणालो, आजीची आठवण चुकली असेल. त्यांनी अशा काही नजरेने पाहिले की, जणू मी त्यांच्याच आईवर शंका घेतली असावी. "तारखेचं कोणीबी इसरंल. एकटी बाई, घरात चिटपाखरू न्हाई, कळा सुरू झालेल्या, ती वार इसरंल? रोहिणी २५ मेच्या सुमारास निघती, सात-आठ जूनला मृग लागतो. मधी मंगळवार दोन. २९ मे अन् ५ जून. त्यातला एक तुमचा. तेबी साल खरं असलं तर." मग त्यांनी पट्टीतल्या मन्रोकडे पाहिले, पुन्हा अंगठा फिरवला. "सव्वीस अन् सहा बत्तीस, चार छत्तीस, एक सदतीस. दोन उरले. ही बाई मात्र एक जूनला मंगळवारी झाली. तुमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी हिचा जन्म बसतो, सासऱ्याचा बसत न्हाई."

सहस्रचंद्राचेही त्यांनी सोडले नाही. हजार पौर्णिमा भरायला ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात; जन्माचाच पत्ता नसेल, तर हजारावा चंद्र कोणता आणि नऊशे नव्याण्णवावा कोणता, हे आम्ही कोणाला विचारणार आहोत, असा त्यांचा प्रश्न होता. मंडप आणि आचारी ठरलेला असल्यामुळे हा प्रश्न मी घरी नेलेला नाही.

आणि मग ते म्हणाले, "तुमची तारीख काय?"

१४ नोव्हेंबर सांगावी, असे क्षणभर मनात आले. पण आमचा दूधवाला तिथे उभा होता आणि तो माझ्या निरोप समारंभाचे श्रीखंड खाऊन गेलेला आहे. "काकांची एक जूनच आहे," तो म्हणाला. "३१ मेला रिटायर झाले."

पेरांवर अंगठा. "साल?" "१९६६." "बुधवार. अन् आई काय म्हणती?"

आई म्हणते, दिवाळीच्या पाडव्याला.

त्या हशाचे वर्णन मी करणार नाही. चौकशीअंती सहा गिऱ्हाइकांपैकी तिघे १ जूनचे निघाले, हे खरे. पण ते तिघेही मलाच हसत होते. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षे पुरी झालेली दाखवायची, मग मास्तरांनी पोराची उंची डोळ्यांनी मोजून लेखणीने एक जून ओढायचा; असा आमच्या पिढीचा सामुदायिक जन्म झाला. गुरुजींविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. गुरुजींनी २ जून लिहिले असते, तर मला पूर्ण जूनचा पगार मिळाला असता. शाईचा तेवढाच थेंब लागला असता. माझी खरी दिवाळी लिहिली असती, तर आणखी पाच महिने. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाच-पाच रुपयांच्या फरकावर शेरे मारलेल्या माझ्यासारख्या माणसाने हे कसे विसरावे, हे मला कोणी सांगत नाही. सगळे फक्त ३१ मे रोजी हार घालतात.

म्हातारबुवा उठले, सातबारा घडी करून खिशात घातला आणि पोराला "ह्यांच्या बिलात लाव" असे सांगून निघून गेले. सहा रुपये. दक्षिणा म्हणून जास्त नव्हती, पण विचारायला हवे होते.

मग मी इरेला पेटून पोराला सांगितले की, तारीख काढून टाक आणि "जन्म : मंगळवार, रोहिणी नक्षत्र" एवढेच छाप. त्याने तारीख इमानेइतबारे काढली. पट्टी काढायला मी सांगितले नव्हते, म्हणून ती ठेवली. मंडपात फ्लेक्स उलगडला तेव्हा मेव्हणा माझ्याकडे पाहत राहिला आणि सासरे चष्मा पुसून फ्लेक्सकडे.

"नर्गिस माहितीय मला," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "ही दुसरी कोण?"

"अमेरिकेची आहे, मामा. तिचीही तारीख एक जूनच."

सासऱ्यांनी हळहळून मान हलवली. "तिकडंबी मास्तर असेच का?"