फोटोखालची ओळही वाचा

टोकियोतल्या हाराजुकू भागातल्या पोरांची रस्त्यावरची फॅशन इन्स्टाग्रामने संपवली, हे एका लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. ही पोरं जमायची तो तिथला रस्ता रविवारी वाहनं बंद ठेवून पायी फिरणाऱ्यांना मोकळा असायचा, ते १९९८ मध्येच थांबलं. तेव्हा इन्स्टाग्राम कुठे होतं? या पोरांचे रस्त्यावरचे फोटो छापणारं, छायाचित्रकार शोइची आओकींचं 'फ्रूट्स' मासिक १९९७ ते २०१७ चाललं. त्यातल्या फोटोंइतक्याच मला खालच्या ओळी आवडतात: वय, कुठला कपडा कुठल्या दुकानातला, कुठला जुन्या बाजारातला, कुठला घरी शिवलेला. महागडा ब्रँड आणि घरचं शिवण एकाच अंगावर! 'ही पोरं बाजाराच्या विरोधात होती' असं लेखक सरसकट लिहितात, पण त्या ओळी म्हणजे चक्क खरेदीची यादी आहे. मासिक बंद करताना आओकींनी दिलेलं कारण मात्र साधं होतं, फोटो काढावा अशी पोरंच दिसेनात.