मान 90 अंशांत वळत नाही म्हणून घाबरू नका

'आरशासमोर उभं राहून मान वळवा. हनुवटी थेट खांद्यावर, म्हणजे 90 अंशांत आली नाही तर मणके झिजलेत' असा मेसेज फिरतोय. ही चाचणी चुकीची आहे.

फिजिओथेरपीच्या पाठ्यपुस्तकांतच धडधाकट तरुण मान एका बाजूला साधारण 70 ते 80 अंश वळते असं दिलंय. वयानुसार ती कमी होत जाते. शिवाय आरशासमोर आपण नकळत खांदाही फिरवतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट पाठ टेकवून बसवतात, खांदे हलू देत नाहीत आणि कोनमापक लावतात. तरी दोन वेळच्या मोजणीत चार-पाच अंश इकडेतिकडे होतातच.

आणि दुखण्याचं म्हणाल, तर त्याचं या आकड्याशी नातं बरंच सैल आहे. मान कमी वळूनही कित्येकांना काही त्रास नसतो. एमआरआयमध्ये झीज दिसणाऱ्या अनेकांचंही तसंच. अपुरी झोप, ताण, उदासी यांचा मानदुखीशी संबंध मात्र अभ्यासांत वारंवार दिसलाय. मेसेजमध्ये त्याचं नावही नाही!

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. हातात ताकद कमी वाटणं, चालताना तोल जाणं किंवा पडल्यावर मान दुखणं असं काही असेल, तर अंश मोजत न बसता डॉक्टरांना दाखवा.