तुमच्याकडे

परवा एका मित्राचा फोन आला, तोही परत यायचं म्हणतोय, नऊ वर्षं झाली त्याला बाहेर. तासभर बोललो. सामान जहाजाने पाठवू की विकून टाकू, तिकडची बँक खाती बंद करायची का, मुलीच्या शाळेचं कसं, सगळं विचारून घेतलं त्याने आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहितोय, लांबण लागणार आहे, आधीच माफी.

मी अकरा वर्षं बाहेर होतो आणि परत येऊन सात महिने झालेत. मधे तीन चकरा झाल्या, शेवटची चार वर्षांपूर्वी, तीही पंधरा दिवसांची. पंधरा दिवसांच्या चकरेत काही कळत नाही हे आधी सांगतो. तेव्हा तुम्ही पाहुणे असता, घर आवरलेलं असतं, भांडणं पुढे ढकललेली असतात, सगळे खूश असतात.

पहिला आठवडा जेट लॅगमधे गेला. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, म्हणजे नऊ तासांचा फरक असेल तर नऊ दिवस धरून चला, आणि पूर्वेकडे येताना जास्त त्रास होतो कारण आपलं आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त लांबीचं असतं, त्याला दिवस लांबवणं सोपं आणि आखडणं अवघड. (हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. रात्री तीन वाजता टक्क जागे असलात की असलं खूप वाचून होतं.) तर अशाच एका रात्री पाणी प्यायला उठलो, अंधारात भिंतीवर हात फिरवला आणि बटण सापडेना. दाराच्या उजवीकडे, खांद्याच्या खाली, हाताला पाठ होतं ते. वायरिंग नवीन केलं तेव्हा बोर्ड डावीकडे गेला म्हणे, सहा वर्षं झाली त्याला. मी त्या पंधरा दिवसांच्या चकरेतही इथेच झोपलो होतो की, पण तेव्हा प्रत्येक वेळी मी उठायच्या आत कुणीतरी दिवा लावलेला असायचा बहुतेक.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा एका शब्दाचा आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात, दादा कुठल्यातरी कागदासाठी चौथ्यांदा हेलपाटा घालून वैतागून आला होता, मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेलो, आणि मी अगदी सहज म्हणालो, "तुमच्याकडे अजून असंच चालतं का?" दादा काही बोलला नाही. चप्पल काढली, आत गेला. वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तीही आत गेली. मला दोन मिनिटं कळलंच नाही काय झालं ते.

तुमच्याकडे! आपल्या भाषेत 'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं. 'आपल्याकडे' म्हटलं की समोरचा आत, 'आमच्याकडे' म्हटलं की समोरचा बाहेर. लहान पोरालाही हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. आणि मी माझ्या सख्ख्या भावाला, ज्या घरात आम्ही दोघं वाढलो त्याच घरात बसून, 'तुमच्याकडे' म्हणालो. गंमत म्हणजे तिकडे असताना मी तिथल्या लोकांशी बोलताना कायम 'आमच्याकडे' करायचो. आमच्याकडे असं असतं, आमच्याकडे असं करतात. मग हे 'आमच्याकडे' विमानात कुठे सांडलं?

आता यावर कुणी म्हणेल एवढं काय त्यात, तोंडातून निघून गेलं. निघून गेलं हे खरं, पण ते आत होतं म्हणून निघालं ना.

मग मी जरा मागे जाऊन विचार करायला लागलो की अकरा वर्षं मी घर बघत होतो ते कसं. दर रविवारी व्हिडिओ कॉल, चुकवला नाही कधी, याचा मला अभिमानही होता. त्या कॉलवर बाबा खांद्यापर्यंत दिसायचे. चेहरा, चष्मा, मागे कपाट. चेहरा फार बदलला नव्हता. मी आलो आणि पहिल्याच दिवशी बाबा खुर्चीतून उठून दारापर्यंत आले, एक हात टेबलावर, मग तो सुटून कपाटावर, मग दाराच्या चौकटीवर, डावा पाय जरासा ओढत. हे मला माहीतच नव्हतं. कुणी लपवलं नव्हतं हो, विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण गुडघे कॅमेऱ्यात येत नाहीत आणि मी दर रविवारी "तब्येत कशीये" विचारायचो, त्यावर "मस्त" असं उत्तर यायचं आणि माझा आठवडा सुरू व्हायचा.

महिन्याभराने त्यांना तपासणीला नेलं, मी हट्टाने गेलो बरोबर, मुलगा आलाय ना आता. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? मी वहिनीकडे बघितलं. तिने चिठ्ठी न बघता पाच गोळ्यांची नावं सांगितली, किती मिलिग्रॅम, कुठली उपाशीपोटी, कुठली मधे बंद केली होती आणि का. डॉक्टर लिहीत होते तिच्याकडे बघून. मी बाबांची पिशवी धरून उभा होतो. त्या दिवशी 'तुमच्याकडे'चा अर्थ नीट लागला मला.

मित्रांचंही सांगतो. पहिल्या भेटीत काय मजा आली, रात्री दोनपर्यंत. सगळ्या जुन्या गोष्टी निघाल्या. दुसऱ्या भेटीत परत त्याच निघाल्या. तिसऱ्या भेटीत ते आपापसात हसत होते आणि मला दर दुसऱ्या विनोदाला "अरे तू नव्हतास तेव्हा" म्हणून पाठीमागची गोष्ट सांगावी लागत होती त्यांना, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाला कोण हसणार. मला राग यायचा की माझ्या अकरा वर्षांबद्दल कुणी दहा मिनिटांच्या वर विचारत नाही. तिकडे थंडी असते ना, पैसे बरे ना, परत कधी जाणार, झालं. घरी येऊन बायकोजवळ कुरकुर केली तर ती म्हणाली, तू विचारलंस का त्यांना काही? नव्हतं विचारलं. त्यातल्या एकाचा धंदा मधल्या काळात बुडाला होता आणि त्याने परत शून्यातून उभा केला, हे मला पाचव्या महिन्यात कळलं, तेही तिसऱ्याकडून.

या सगळ्यावर लोकांनी बराच अभ्यास केलाय हे मला नंतर कळलं. 1688 मधे योहानेस होफर नावाच्या स्विस माणसाने घरच्या ओढीला चक्क आजार ठरवून त्याला नॉस्टॅल्जिया हे नाव दिलं, आणि त्यावर खात्रीचा उपाय काय तर रोग्याला घरी पाठवा. घरी पोचल्यावर काय होतं याकडे लक्ष गेलं ते फार नंतर. 1963 मधे अमेरिकेत गलाहॉर्न नवरा-बायकोने परत आलेल्या लोकांचा अभ्यास करून सांगितलं की परदेशात मन जसं आधी वर, मग खाली, मग हळूहळू वर येतं तसंच घरी परतल्यावर पुन्हा एकदा होतं, आलेख काढला तर इंग्रजी डब्ल्यू दिसतो. आलेख सरसकट सगळ्यांना लागू पडत नाही, माझ्या एका मैत्रिणीला दोन आठवड्यांत घर परत घरासारखं झालं होतं. पण मला सगळ्यात पटला तो आल्फ्रेड शुट्झ, व्हिएन्नातून निघून अमेरिकेत गेलेला समाजशास्त्रज्ञ. त्याने 1945 मधे युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांबद्दल लिहिलं. परक्या गावी जाणाऱ्याला माहीत असतं की आपल्याला सगळं नव्याने शिकायचंय, घरी येणारा मात्र समजतो की आपल्याला सगळं येतंच. अडकतो तो इथे. आणि येणाऱ्याची तयारी करून घेता तशी घरच्यांचीही करून घ्या, असंही तो म्हणतो.

घरच्यांच्या तयारीबद्दल मी काही बोलणार नाही, माझा तो अधिकार नाही सध्या. पण येणाऱ्यांना, म्हणजे मित्रा तुलाच, स्पष्ट सांगतो. पहिले सहा महिने "तिकडे असं नसतं" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. खरं असलं तरी नको, त्यांनाही माहीत असतं ते, त्यांच्याकडेही इंटरनेट आहे. आणि आपण मनात जो हिशोब घेऊन येतो ना, की मी चांगली नोकरी सोडून आलो, मी एवढा त्याग केला, तो कुणी मागितलेला नसतो. ज्यांनी तुझ्या मागे अकरा-नऊ वर्षं सगळं ओढलं त्यांनी तो शब्द एकदाही वापरला नाही बघ. बाहेर राहिलो ते चुकलं असं मी म्हणत नाहीये, मी परत तरुण झालो तर परत जाईन. पण आल्यावर आपलं नाव रजिस्टरमधे आपोआप चढत नाही.

दादाची माफी मागितली का, तर नाही, आमच्या दोघांत तसलं काही बोलायची पद्धतच नाही. तो हेलपाट्यांचा कागद मात्र पुढच्या वेळी मी गेलो आणायला. मलाही तीन चकरा पडल्या.

मागच्या आठवड्यात दादा बूट घालता घालता म्हणाला, सोमवारी बाबांची तारीख आहे, मला सुट्टी नाही, तू नेशील ना. एवढंच बोलला आणि गेला. सोमवारी वहिनीही नव्हती बरोबर. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या काय चालूयेत. मी सांगायला लागलो, चौथीचे मिलिग्रॅम चुकलो. बाबांनी दुरुस्त केलं.