नक्षी शाबूत, टायर म्हातारा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळीकडे पोचलाय. थोडक्यात असा: "टायरवाल्यांच्या थापांना भुलू नका. नक्षी आहे तोवर टायर चांगला. पाच-सहा वर्षांची अट कायद्यात कुठेच नाही, ती कंपन्यांनी विक्री वाढवायला काढली. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, नवाच राहतो. बारीक भेगा वरच्या वर असतात, पॉलिश मारा. नायट्रोजन भरला की रबर म्हातारं होत नाही. आणि बदलायचाच झाला तर कोरी स्टेपनी आहेच. काढलेला टायर गरजू टॅक्सीवाल्याला द्या, त्याचा दुवा मिळेल."

यातली कायद्याची गोष्ट खरी आहे. खासगी कारच्या टायरला आपल्याकडे वयाची मर्यादा नाही. नियम आहे तो नक्षीच्या खोलीचा, १.६ मिलिमीटरचा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं दिसतात, त्याच्या सरळ रेषेत खाचेत पाहिलं की उंचवटा सापडतो.

पण ब्रिटनमध्येही वयाचा कायदा नव्हता. सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यात संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर गेली, चालकासह तिघे गेले. टायर साडेएकोणीस वर्षांचा निघाला. नक्षीच्या बाबतीत मात्र तो कायद्यात बसत होता. मेलेल्यांत १८ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या आईने वर्षानुवर्षं सरकारचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावायला बंदी आली. कायद्यात नाही म्हणून धोका नाही, असं मानणाऱ्यांनी ही आठाहून जास्त वर्षं मोजावीत.

"विक्री वाढवायची चाल" हा आरोप तर उलटाच पडतो. मिशेलिन ही टायर विकणारी कंपनी. तिचा सल्ला असा की पाच वर्षं वापरल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की, दिसायला चांगला असला तरी, बदला. सहा वर्षांची गोष्ट करतात त्या काही कार बनवणाऱ्या कंपन्या, ज्या टायर बनवत नाहीत. चालच खेळायची असती तर सहाचा आकडा टायरवाल्याने सांगितला असता.

आता मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य: उभ्या गाडीचा टायर नवाच राहतो. इंदूरच्या मराठी घरांतली किती गाड्या अशाच चालतात! सकाळी भाजी, संध्याकाळी सराफ्यात चक्कर, सानंद या मराठी संस्थेचा कार्यक्रम असला तर एक फेरी. वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर. सात वर्षांनी नक्षी जवळजवळ कोरी. मग मे महिन्यात पुण्याला भाचीचं लग्न निघतं. पाच माणसं, डिकी आहेराने भरलेली, आणि सेंधवा सोडून बिजासन घाट उतरल्यावर धुळ्यापर्यंत भर दुपारी शंभरच्या वेगाने. ज्या टायरने वर्षभर चाळीसच्या वर वेग पाहिला नाही, त्याची खरी परीक्षा वर्षातून एकदाच होते आणि तीही सगळ्यात वाईट दिवशी.

रबर झिजून जातं तसंच ते नुसतं बसूनही जातं. प्रेशर कुकरची रिंग घासली जात नाही, तरी काही वर्षांनी कडक होऊन वाफ सोडते ना, तसंच. टायरमधल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण तिप्पट असतो, त्यामुळे ऑक्सिजन आतून रबरात झिरपत राहतो. रबराची लवचीकता जाते, आणि आतल्या पोलादी तारांच्या पट्ट्यांना ज्या रबराने धरून ठेवलंय त्याची पकड सैल होते. वेगात, तापलेल्या रस्त्यावर, एखाद्या क्षणी वरचा थर सुटून येतो. नक्षीकडे पाहून यातलं काही कळत नाही. शिवाय रबरात ओझोनपासून वाचवणारी मेणं आणि रसायनं घातलेली असतात. टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर ही राखण थांबते.

उष्णतेचं म्हणाल तर अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाने २००८ मध्ये एका विमा कंपनीचे आकडे सांगितले होते. कंपनीचे २७ टक्के ग्राहक टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि लुईझियाना या पाच उष्ण राज्यांतले, पण टायरचे ७७ टक्के दावे तिथूनच आले. आणि त्यातले ८४ टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरचे. माळव्याच्या रात्री थंड असतील. दुपारी तीनला गल्लीत उन्हात उभ्या गाडीच्या टायरला हात लावून पाहा. म्हणून माझं मत: दहा वर्षांची वाट आपल्याकडे पाहू नये. पाचव्या वर्षापासून दरवर्षी पावसाळ्याआधी तपासा, सहा-सातला निर्णय घ्या.

वय कसं कळणार? साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, डीओटीने सुरू होणारी अक्षरं-आकड्यांची ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे पाहा. १८१९ म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा. ही एक्स्पायरी नाही, जन्मतारीख आहे; काही मेसेजांत तिलाच एक्स्पायरी म्हणून घाबरवतात, तेही चूक. पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते, ती आतल्या बाजूला गेली असेल तर मोबाइलची टॉर्च घेऊन वाकावं लागेल. आकडे तीनच असतील तर टायर २००० सालाआधीचा. त्यावर चर्चा नको.

भेगा आणि पॉलिश. केसासारखी एखादी रेघ चालते. पण भेगांचं जाळं झालं, नख अडकायला लागलं किंवा खाचांच्या तळाशीही चिरा दिसल्या, की टायर गेला. फुगा आला असेल तर वय विचारूच नका, आतले दोर तुटलेले असतात. पॉलिशने फक्त भेगा दिसेनाशा होतात, आणि पेट्रोलियमवाली चकाकी रबरातली राखण करणारी रसायनंही धुऊन नेते.

नायट्रोजनने आतून होणारी झीज थोडी मंदावते आणि हवा जरा हळू उतरते, एवढंच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बाहेरचं ऊन आणि ओझोन त्याला जुमानत नाहीत. गार टायरमध्ये महिन्यातून एकदा दाब तपासला तर फायदा जास्त. दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो, साइडवॉलवर असतो तो कमाल दाब.

स्टेपनी गाडीइतकीच जुनी असते, मग ती कोरी दिसो. दहा वर्षांची स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला ठीक, पुण्याला जायला नाही. ती चाकाहून बारीक आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असेल, तर ती तात्पुरतीच बनवलेली आहे. आणि दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे लावा. काका लोक पुढे लावायचा हट्ट धरतात. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी गरकन फिरते, स्टिअरिंगने आवरत नाही.

राहिला दुवा. आपल्या पोरांना ज्यावर बसवायला धजत नाही, तो टायर दिवसाला दोनशे किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीखाली कशाला घालायचा? जुन्या टायरवर पुन्हा खाचा कोरून विकणारेही बाजारात आहेत. टायर काढल्यावर आपल्यासमोर साइडवॉलला आरपार काप द्यायला सांगा. दुकानदार कुरकुरेल, कारण शाबूत टायरचा भाव वेगळा असतो.