नळाचे पाणी आणि आमदाराचा फोन

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका तिठ्यावर, चहाच्या दुकानापुढच्या कट्ट्यावर संध्याकाळी जी मंडळी जमतात, त्यांच्यात पावसाळा सुरू झाल्यापासून एकाच प्रश्नावर वाद चालू आहे: गावची कामे आमदाराच्या फोनवर व्हावीत का? निमित्त रस्त्याचे झाले. एप्रिलमध्ये गावच्या रस्त्याचे हॉटमिक्सिंग, म्हणजे डांबरीकरण, झाले आणि मेच्या अखेरीस जलवाहिनी घालण्यासाठी त्याच रस्त्याची एक कड पुन्हा खणली गेली. चर मातीने बुजवला, पण नीट दाबला नाही. पहिल्याच मोठ्या सरीत तांबडी माती वाहून गेली, वर सुटी खडी उरली आणि उतारावरून येणाऱ्या एका दुचाकीस्वाराचा रात्री त्या खडीवरून घसरून हात मोडला.

“रस्ता करणाऱ्याला जलवाहिनीची माहिती नव्हती का?” असे निवृत्त मास्तरांनी विचारले, तेव्हा आमचे माजी पंच, म्हणजे पंचायतीचे माजी सदस्य, म्हणाले, “मास्तर, माहिती सगळ्यांना होती. रस्त्याची निविदा आधी निघाली होती आणि उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. जलवाहिनीचे काम मंजूर व्हायला उशीर झाला. दोन अभियंत्यांनी एकत्र बसून एक महिना मागेपुढे करायला हवे होते, पण तसे करायला त्यांना कोणी सांगितले नाही.” हे ‘कोणी सांगितले नाही’ मला फार महत्त्वाचे वाटते. नियमाने आपोआप व्हायला हवे असे काम कोणीतरी सांगितल्याशिवाय होत नाही, आणि ते सांगणारा माणूस आपल्याकडे एकच उरला आहे, तो म्हणजे आमदार.

ट्रकमालक भाऊंना यात काही वावगे वाटत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आमदाराला मते दिली ती कामे करून घेण्यासाठीच, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात आमदार घरचा माणूस असतो हे आपले भाग्य आहे. 2022 च्या निवडणुकीत साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार आणि चाळीस मतदारसंघ होते, म्हणजे सरासरी एकोणतीस हजार मतदारांमागे एक आमदार. तो आपल्या घरच्या लग्नाला येतो, चवथीला गणपतीच्या दर्शनाला येतो, फोन उचलतो. “माझ्या घरी चार दिवस पाणी नव्हते,” भाऊ म्हणाले. “कार्यालयात अर्ज दिला असता तर महिना गेला असता. आमदाराला फोन केला, संध्याकाळी नळाला पाणी आले. आता सांगा, मी काय चुकीचे केले?”

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही, कारण घरात पाणी नसलेल्या माणसाला नियम सांगण्यात अर्थ नसतो. परंतु ते पाणी आले कुठून, हे मी त्या दिवशी स्वतः पाहिले आहे. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने तिठ्याजवळच्या खड्ड्यातले झाकण काढले, लांब दांड्याची चावी फिरवून खालच्या वाड्याकडचा, म्हणजे भाऊंच्या वस्तीकडचा, झडप-नळ पूर्ण उघडला आणि वरच्या वाड्याकडचा निम्म्याहून अधिक बंद केला. टाकीत एक थेंबही वाढला नव्हता. त्या रात्री टेकडीवरच्या घरांत नळातून नुसती हवा फुसफुसत होती आणि त्या हवेने मीटर मात्र फिरत होता. दुसऱ्या दिवशी वरच्या वाड्यातून फोन गेला आणि चावी उलटी फिरली.

मला या साऱ्यातला सर्वांत मोठा तोटा वेगळाच वाटतो. फोनची नोंद कुठेच होत नाही. आमच्या भागातल्या कार्यालयाची तक्रारवही पाहिली तर या वस्तीत पाण्याची टंचाई जवळजवळ नाहीच असे दिसेल. जिथे तक्रारच नाही, तिथे नवी टाकी हवी असा प्रस्ताव अभियंता कोणत्या आधारावर पाठवणार, आणि तो अंदाजपत्रकात कसा येणार? आपण फोन करून आपली अडचण मिटवतो आणि त्याच वेळी तिचा पुरावाही पुसून टाकतो.

इथे मास्तरांनी चर्चा पक्षांतराकडे नेली. ती वाट मला आडवाट वाटली नाही. 2017 च्या निवडणुकीत काँग्रेसला 17 आणि भाजपला 13 जागा मिळाल्या, तरी सरकार भाजपचे आले. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी जाऊन पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या आणि त्याच वर्षी 14 सप्टेंबरला निवडून आलेल्या 11 पैकी 8 जण भाजपमध्ये गेले. “राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट मोकळी ठेवली आहे, म्हणून हे होते,” असे मास्तर म्हणाले. “कायदा बदला, पक्षांतर थांबेल. मत घेतले एका चिन्हावर आणि बसले दुसऱ्या बाकावर, ही मतदाराची उघड फसवणूक आहे.”

फसवणूक आहे, यात शंका नाही, आणि ती सहन करावी लागल्याचा राग माझ्या मनात आजही आहे. पण कायद्यातली ही वाट साऱ्या देशाला लागू असताना गोव्यातच ती इतकी रुळलेली का आहे, या प्रश्नावर माजी पंचांनी जे सांगितले ते मास्तरांच्या उत्तरापेक्षा अधिक खोल जाणारे होते. “मी पंचायतीत होतो तेव्हा आमचा आमदार विरोधी बाकावर होता,” ते म्हणाले. “गटाराचा एक प्रस्ताव पूर्ण मुदतभर फिरत राहिला. प्रत्येक वेळी एखादा कागद कमी निघायचा. शेजारच्या मतदारसंघात तेच काम एका हंगामात झाले. मग लोक मलाच म्हणायला लागले की आपल्या आमदाराने तिकडे जायला हवे. मास्तर, त्याला तिकडे ढकलणाऱ्यांत आपलेच लोक होते.”

चाळीसच्या विधानसभेत बहुमताला 21 आमदार पुरतात आणि मुख्यमंत्री धरून 12 मंत्री होऊ शकतात. म्हणजे सत्तेतल्या निम्म्याहून अधिक आमदारांना मंत्रिपद मिळू शकते आणि उरलेल्यांसाठी महामंडळांची पदे असतात. आमदाराला सत्तेचा मोह होतो तो त्यामुळे. मात्र मतदार त्याला माफ का करतो, याचे कारण त्या अडलेल्या गटारात आहे. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी निर्णय घेतला’ हे वाक्य पक्षांतर करणारा प्रत्येक जण उच्चारतो आणि ते लोकांना पटते, कारण सत्तेबाहेरच्या आमदाराच्या मतदारसंघात दिवा लागत नाही हा लोकांचा अनुभव आहे. रोजच्या कारभारातले अपयश हीच पक्षांतराची पायाभरणी आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. गटार, नळ आणि दाखला ही कामे कोणाच्याही शब्दाशिवाय होऊ लागली, तर बाकडे बदलण्यासाठी आमदाराकडे सांगण्यासारखे कारणच उरणार नाही.

भाऊ मात्र यावरही गप्प बसले नाहीत, आणि त्यांचे बोलणे ऐकताना मला वाईट वाटले. 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, नंतर कशाबशा सुरू झाल्या आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे, म्हणजे खाणपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. खनिज वाहणारा त्यांचा ट्रक अंगणात उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते चालूच राहिले. “आमच्या भागात तेव्हापासून सरकारी नोकरी सोडून मुलांसमोर दुसरे काय आहे?” त्यांनी विचारले. “आणि ती नोकरी परीक्षेने मिळते यावर तुमचा विश्वास आहे?” 2024 च्या अखेरीस सरकारी नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळल्याची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली आणि अनेकांना अटक झाली, तेव्हा या भागातल्या कितीतरी घरांत शांतता पसरली होती. सरकारी भरती परीक्षेने करणाऱ्या कर्मचारी निवड आयोगाचा कायदा 2019 मध्येच झाला होता. त्याच्यामार्फत प्रत्यक्ष भरती सुरू व्हायला जी वर्षे गेली, त्या वर्षांत आमदाराच्या दारातली रांग लांबत गेली. ज्याचा मुलगा त्या रांगेत आहे, त्याने पाण्यासाठी कार्यालयात लेखी तक्रार करावी, ही अपेक्षा त्याला जड वाटते.

अंगणवाडीत काम करणाऱ्या वहिनी बसची वाट पाहत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “योजनेचे मंजुरीपत्र टपालाने घरी यायला काय हरकत आहे? म्हाताऱ्या बायांना रिक्षा करून सभागृहात बोलावतात, दोन तास बसवतात आणि आमदाराच्या हातून कागद देतात. ती बाई घरी जाताना म्हणते, आमदाराने मला पैसे दिले.” एवढ्यात त्यांची बस आली. मला त्या चर्चेतले सर्वांत नेमके बोलणे हेच वाटले.

गोव्याने माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, 1997 मध्ये केला होता. ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा कायदाही 2013 पासून आहे. ही साधने हाताशी असताना आपण ती वापरत नाही, याची मला खंत वाटते. म्हणून कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आमच्यातल्या एका मुलाने कट्ट्यावरच माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. रस्ता खणण्याची परवानगी कोणत्या तारखेला दिली, चर बुजवून पृष्ठभाग पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणावर होती आणि नव्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, केव्हा संपतो, एवढीच माहिती त्यात मागितली आहे. पाण्याची तक्रार दोन्ही वाड्यांनी एकत्र लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी, असेही ठरले. भाऊंनी मुलाची भरती परीक्षा होईपर्यंत सही करता येणार नाही असे स्पष्ट सांगितले आणि कोणीही त्यांना आग्रह केला नाही. माजी पंचांनी अर्ज दोनदा वाचला आणि त्यात मोजमाप पुस्तिकेची प्रत मागण्याचे कलम स्वतःच्या हाताने घातले, कारण चर किती खोल खणला, किती थर दाबले आणि बिल कोणत्या मापाने काढले हे त्याच पुस्तिकेत असते. सही त्यांनीही अजून केलेली नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा की नाही, यावर ते आणि मास्तर अजून वाद घालत आहेत.